राडारोड्याची खडी: डोंगर किती वाचतो आणि धूर किती

नाशिकच्या इंदिरानगर, कॉलेज रोड, गंगापूर रोड या भागांत तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे बंगले उतरवून इमारती उभ्या राहताहेत. जुन्या नाशकात आणि पंचवटीत वाडे उतरताहेत. मागे उरतो तो राडारोडा. पक्कं बांधकाम पाडलं की चौरस मीटरमागे साधारण ५०० किलो माल निघतो, असा आपल्याकडे वापरला जाणारा ठोकताळा आहे. नवं बांधतानाही ४० ते ६० किलो वाया जातोच. म्हणजे हजार चौरस फुटांचं जुनं घर पाडलं तर ४५ ते ५० टन. सुटा राडारोडा ब्रासमागे (शंभर घनफुटांमागे) चार टनांच्या आसपास भरतो, तेव्हा झाल्या बारा-तेरा ट्रॉल्या.

या ट्रॉल्या नासर्डी, वालदेवी किंवा वाघाडीच्या काठावर रात्रीतून रिकाम्या झाल्या, तर नदीचं पात्र तेवढं अरुंद होतं. पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढलं यावर पूर मोजणाऱ्या, २००८ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या शहराला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यामुळे राडारोडा पुन्हा बांधकामात वापरणं चांगलं, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘पर्यावरणपूरक’ या शब्दाबद्दल. त्या शब्दाखाली दोन अगदी वेगळे हिशेब एकत्र केले जातात आणि मग चुकीच्या ठिकाणी पैसे आणि कष्ट खर्च होतात.

डोंगराचा हिशेब, धुराचा हिशेब

पहिला हिशेब डोंगराचा. नाशिकला लागणारी खडी काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची. ती सारूळसारख्या गावांच्या डोंगरांतून, सुरुंग लावून आणि क्रशरवर फोडून येते. या दगडाचा एक घनमीटर साधारण २.८ टन भरतो. म्हणजे ५० टन खडी वाचली तर अठरा घनमीटर डोंगर जागेवर राहतो आणि तितकाच राडारोडा नाल्यात जायचा वाचतो. हा फायदा सरळ आणि खरा आहे. त्यात आकडेमोडीची हातचलाखी लागत नाही.

दुसरा हिशेब धुराचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा. (तो डोळ्यांना दिसत नाही, पण सोयीसाठी धूरच म्हणू.) इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. खाणीतला दगड फोडून खडी करायला ऊर्जा तशी कमीच लागते. टनामागे साधारण ५ किलो धूर. सिमेंटचं मात्र उलटं आहे. चुनखडी भट्टीत तापवली की तिच्या १०० किलोंमधले ४४ किलो वायू होऊन उडतात आणि ५६ किलो चुना उरतो. हे रसायनशास्त्र आहे, भट्टी कितीही आधुनिक असली तरी बदलत नाही. त्यावर कोळशाचा धूर वेगळा. सगळं धरून साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटच्या किलोमागे ०.९ किलोच्या आसपास धूर पडतो.

आता एक घनमीटर एम २० दर्जाचं काँक्रीट घ्या (‘एम’पुढचा आकडा ताकदीचा): सिमेंट ३२० किलो, वाळू ७५० किलो, खडी ११५० किलो. सिमेंटचा धूर २८८ किलो. वाळू आणि खडी मिळून जेमतेम १० किलो. त्यातली पाचवा भाग खडी, म्हणजे २३० किलो, राडारोड्याची वापरली तर वाचतो साधारण सव्वा किलो धूर. तोही राडारोडा फोडायला लागणारं डिझेल आणि वीज न मोजता. आणि ‘जुनी खडी आहे, जरा सिमेंट वाढवू’ म्हणून ठेकेदाराने घनमीटरमागे दहाच किलो सिमेंट जास्त टाकलं, की नऊ किलो धूर वाढला. सव्वा किलो वाचवायला गेलो आणि नऊ किलो घालवून आलो.

त्याच काँक्रीटमध्ये ओपीसीऐवजी ३० टक्के फ्लायॲश असलेलं पीपीसी सिमेंट वापरलं तर ऐंशीएक किलो धूर वाचतो. फ्लायॲशही टाकाऊच आहे, औष्णिक वीजकेंद्रातली राख. ६३० मेगावॉटचं एकलहरे केंद्र तर घरचंच. प्रमाणित पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लायॲश असते. नेमकी किती, ते पोत्यावर छापलेलं असतं. बहुतेक जण पोत्यावरचं फक्त नाव वाचतात.

तिसरी गोष्ट वाहतूक. ट्रकने एक टन माल एक किलोमीटर नेला की ढोबळमानाने ०.१ किलो धूर. सारूळची खडी पंधरा किलोमीटरवरून आली तर टनामागे दीड किलो. कुणी ‘हरित’ म्हणून मुंबईहून, दीडशेहून जास्त किलोमीटरवरून, पुनर्वापराची खडी मागवली तर नुसत्या वाहतुकीत टनामागे पंधरा किलोंहून जास्त. म्हणजे खडी करण्यात जेवढा धूर होतो त्याच्या तिप्पट. राडारोडा ज्या शहरात पडला तिथेच फुटला आणि तिथेच वापरला, तरच या धंद्यात अर्थ आहे.

थोडक्यात, राडारोड्याच्या खडीकडे डोंगर आणि नदी वाचवणारी म्हणून बघावं. धूर वाचवायचा तर तो आणखी तीन ठिकाणी वाचतो: सिमेंट बदलण्यात, वस्तू न फोडता अख्खी वापरण्यात आणि लोखंडात.

अख्खं ते आधी, फोडायचं ते शेवटी

लोखंडाचं काम भंगारवाले कधीपासूनच करताहेत. जुन्या घरातून दोन-तीन टन सळई निघते, ती वितळून पुन्हा सळई होते. जालन्याचा सळईउद्योग मोठ्या प्रमाणावर भंगारावर चालतो. खनिजापासून नवं पोलाद करण्यापेक्षा भंगार वितळवून केलेल्या पोलादाचा धूर निम्म्याहून कमी, त्यामुळे टनामागे एक टनाहून जास्त धूर सहज वाचतो. पन्नास टन खडीतून वाचतो पाव टन. सळई भट्टीतच गेली पाहिजे, हे मात्र ठासून सांगायला हवं. पाडकामाच्या जागीच हातोड्याने सरळ केलेली जुनी सळई लिंटेलला, छज्ज्याला, कंपाउंडच्या कॉलमला वापरायची सवय वाईट आहे. एकदा वाकवून पुन्हा सरळ केलेल्या ठिकाणी पोलादाला बारीक चिरा पडलेल्या असतात आणि भार आला की ती तिथेच तुटते. गंज खाल्लेल्या सळईची जाडी कमी झालेली असते, ते वेगळंच.

विटांचं गणित अनेकांना ठाऊक नसतं. भट्टीची एक वीट साधारण तीन किलोची आणि तिच्यामागे, भट्टी कशी आहे त्यावर, पाव ते पाऊण किलो धूर. शिवाय हजार विटांना पाऊण ते एक ब्रास सुपीक माती जाते. पाडलेल्या घरातून ५,००० विटा अख्ख्या निघाल्या, तर अडीच टन धूर वाचला. पूर्ण घराचा राडारोडा फोडून केलेल्या खडीच्या दहापट! पण विटा अख्ख्या निघतील की नाही, हे त्या बांधताना कशात बसवल्या होत्या त्यावर ठरतं. वाड्यांच्या विटा चुन्यात किंवा मातीत असतात. चुना विटेपेक्षा मऊ, म्हणून करणीच्या धारेने सांधा सुटतो आणि वीट शाबूत राहते. १९७०-८० नंतरचं बांधकाम सिमेंटात. तिथे सिमेंटचा सांधा विटेपेक्षा कडक, त्यामुळे वीट आधी फुटते. अशा भिंतींतून अख्ख्या विटा काढण्यात मजुरी घालवू नका, त्या फोडायच्या ढिगात जाऊ द्या.

जुनी वीट पुन्हा वापरण्याआधी तिची परीक्षा सोपी आहे. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यावा. एक मीटरवरून कडक जमिनीवर सोडली तर फुटू नये. कोरडी वजन करून चोवीस तास पाण्यात ठेवा. वजन वीस टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती बाजूला. जोत्यालगतच्या पहिल्या दोन-तीन फुटांतल्या विटांना बहुधा लोणा लागलेला असतो. त्या कितीही चांगल्या दिसल्या तरी घेऊ नका, कारण त्यांतला क्षार नव्या गिलाव्यातून दोन पावसाळ्यांत बाहेर येतो. निवडलेल्या विटा आतल्या, भार न घेणाऱ्या भिंतींना, कंपाउंडला, पायवाटेला वापराव्यात. भार घेणाऱ्या भिंतीला वापरायच्या तर प्रयोगशाळेत दाबाची चाचणी करूनच.

वाड्याचं सागवान हा तर वेगळाच खजिना. तुळया, खांब, कडीपाट, चौकटी यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. लाकडाला पटाशीचं टोक रुतवून आत पोकळ लागतं का ते बघा, विशेषतः भिंतीत गाडलेली टोकं. वाळवी तिथूनच शिरते. खिळे उपटून काढा, करवतीवर गेलेला एक खिळा पातं आणि हात दोन्ही घालवतो. आणि जुना तैलरंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे; त्याआधीच्या रंगांत शिसं कितीही असू शकतं. ओलं करून खरवडावं, खपल्या वेगळ्या भराव्यात. रंग लावलेल्या फळ्यांचे तुकडे बंबात घालून पाणी तापवणं म्हणजे ते शिसं घरभर पसरवणं.

दगडी जोत्याचे घडीव चिरे तर फोडणं हाच गुन्हा. बेसॉल्टला शंभर वर्षांत काही होत नाही. नव्या जोत्याला, पायऱ्यांना, कुंपणाच्या भिंतीला ते जसेच्या तसे बसतात.

पाडताना बिघडलं की पुढे दुरुस्त होत नाही

राडारोड्याची खडी चांगली होणार की वाईट, हे क्रशरवर ठरत नाही, पाडकामाच्या पहिल्या दिवशी ठरतं. जेसीबीने एका दिवसात घर आडवं केलं की काँक्रीट, विटा, पीओपी, फरशी, लाकूड, वायर आणि खालची काळी माती यांचा एकच काला होतो. तो निवडायला पाडण्यापेक्षा जास्त खर्च येतो, म्हणून कुणी निवडत नाही.

योग्य क्रम असा. वीज, पाणी, गॅस तोडून घ्यायचे. मग दारं-खिडक्या, नळ-भांडी, वायरिंग. त्यानंतर काच, प्लायवूड आणि पीओपीचं छत, आणि हे पूर्ण बाहेर गेल्याशिवाय स्लॅबला हात लावायचा नाही. मग फरशा. मग स्लॅब आणि बीम ब्रेकरने, सळई सोडवत. त्यानंतर भिंती, वरून खाली. शेवटी जोतं. सगळ्या कामात पाणी मारत राहायचं. पंचवटीसारख्या ठिकाणी सामायिक भिंत असेल तर ती हाताने उतरवायची, मशीन नाही.

ढीग चार: काँक्रीट, विटा आणि मसाला, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, आणि माती. हेच चार भाग २०१६ च्या बांधकाम आणि पाडकाम कचरा व्यवस्थापन नियमांतही होते. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त कचरा करणाऱ्याला ते वेगळे करणं बंधनकारक होतं. तुमचं घर त्या मर्यादेत बसत नसलं तरी पद्धत हीच वापरा. गावठाणातल्या चिंचोळ्या जागेत चार ढिगांना जागा कुठून आणायची, असा प्रश्न येतो. जागा वेगळी करता येत नसेल तर दिवस वेगळे करा. आज फक्त स्लॅब, आजच त्याची उचल, उद्या भिंती.

पीओपीवर एवढा जोर का? पीओपी म्हणजे जिप्सम, त्यात सल्फेट. तो खडीबरोबर काँक्रीटमध्ये गेला तर सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी संयोग पावून सुईसारखे स्फटिक तयार करतो. ते फुगतात आणि कडक झालेलं काँक्रीट आतून तडकवतात. चूक सहा महिन्यांनी दिसते, तोवर वर टाइल बसलेली असते. काळ्या मातीची ढेकळं दुसरी शत्रू: ओली झाली की फुगतात, सुकली की आकसतात, खडीभोवती त्यांचा थर असला तर सिमेंट चिकटत नाही. काच आणि चकचकीत टाइलचे तुकडेही बाजूला काढा. गुळगुळीत बाजूला मसाला धरत नाही.

आणि सिमेंटचे पन्हळी पत्रे. गोठ्यांवर, गच्चीवरच्या खोल्यांवर, सातपूर-अंबडच्या जुन्या शेडवर जे राखाडी पत्रे आहेत त्यांतल्या बहुतेकांत ॲस्बेस्टॉस आहे. त्याचे तंतू फुफ्फुसात गेले की बाहेर येत नाहीत, रोग दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. हे पत्रे ओले करून, नटबोल्ट सोडवून, अख्खे उतरवायचे. ग्राइंडर चालवायचा नाही, वरून टाकायचे नाहीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून घातक कचरा म्हणून वेगळे द्यायचे. क्रशरमध्ये गेलेला एक पत्रा सगळा ढीग बाद करतो.

खडी तयार झाली. आता पाण्याचं बघा

राडारोडा फोडणाऱ्या प्रकल्पात काय होतं ते थोडक्यात. माल वजन करून घेतात, हाताने मोठी घाण काढतात, जॉ क्रशरमध्ये फोडतात, चुंबकाने सळईचे तुकडे ओढतात, चाळण्यांवर आकाराने वेगळं करतात, बारीक भाग धुऊन वाळू काढतात. देशात असा पहिला प्रकल्प दिल्लीत बुराडीला २००९ च्या सुमारास सुरू झाला. तंत्र गुंतागुंतीचं नाही. येणारा माल स्वच्छ नसणं हेच त्याचं दुखणं.

निघालेली खडी दोन जातीची. नुसत्या काँक्रीटपासून केलेली ‘काँक्रीटची खडी’ आणि विटा-मसाला मिसळलेली ‘मिश्र खडी’. खडी-वाळूच्या आयएस ३८३ या भारतीय मानकाने २०१६ साली दोन्हींना जागा दिली, पण वेगवेगळी. काँक्रीटची खडी सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये (पीसीसी) २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये (आरसीसी) २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम २५ पर्यंतच. एम १५ पेक्षा कमी ताकदीच्या पीसीसीमध्ये पूर्ण १०० टक्के. मिश्र खडी फक्त त्या कमी ताकदीच्या पीसीसीत. उंच इमारतीच्या एम ३० च्या कॉलममध्ये राडारोड्याची खडी घालतो म्हणणारा बिल्डर पर्यावरणाबद्दल नाही, मानकाबद्दल अज्ञान दाखवतोय.

मर्यादा का, हे हातात खडी घेऊन बघितलं की कळतं. काळ्या दगडाचा तुकडा आणि त्याला चिकटलेला जुना सिमेंटचा मसाला, असा तो जोड असतो. मसाला सच्छिद्र. आपला बेसॉल्ट वजनाच्या एक-दोन टक्के पाणी शोषतो. ही खडी तीन ते सहा टक्के, कधी जास्तही. मानक दहा टक्क्यांपर्यंत चालवून घेतं, पण खडी आधी भिजवलेली असेल तरच.

साइटवर याचं काय होतं? एम १० च्या पीसीसीत पूर्ण खडी राडारोड्याची घेतली, घनमीटरला ११५० किलो, शोषण पाच टक्के. कोरडी खडी ५७ लिटर पाणी पिते! मिलरमध्ये (काँक्रीट मिसळायच्या यंत्रात) माल पातळ दिसतो, दहा मिनिटांत घट्ट होतो. गवंडी म्हणतो ‘माल ओढत नाही’ आणि बादली रिकामी करतो. ते पाणी खडीत न जाता सिमेंटच्या वाट्याला येतं, ताकद उतरते, वर पांढरी पावडर सुटते. मग दोष जातो खडीला.

उपाय एक दिवस आधी करायचा. खडी सपाट जागेवर पसरून संध्याकाळी भरपूर पाणी मारा, गोणपाटाने झाका, सकाळी निथळू द्या. वरून चमकणारं पाणी नको, आतून तृप्त हवी. मिलरमध्ये आधी खडी-वाळू आणि निम्मं पाणी, मिनिटभर फिरवून मग सिमेंट आणि उरलेलं पाणी. यामुळे खडीवर सिमेंटचा दाट लेप बसतो आणि सांधा सुधारतो. माल पातळ हवाच असेल तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) वापरा, पाणी नाही आणि जास्तीचं सिमेंट तर मुळीच नाही.

शोषण घरी मोजता येतं. दोनेक किलो खडी धुऊन चोवीस तास भिजवा, फडक्याने पृष्ठभाग टिपा, वजन करा. मग लोखंडी कढईत मंद आचेवर पूर्ण कोरडी करून, गार झाल्यावर पुन्हा वजन. ओली २.१० किलो आणि कोरडी २.०० किलो भरली तर शोषण पाच टक्के. प्रयोगशाळेइतकं नेमकं नाही, पण कामाचं आहे. प्रत्येक खेपेला करा. कालची खडी कॉलेज रोडच्या स्लॅबची असेल, आजची एखाद्या गोठ्याची.

पीपीसी वापरत असाल तर एक गोष्ट विसरू नका: त्याची ताकद उशिरा चढते. क्युरिंग, म्हणजे पाणी मारणं, किमान १० दिवस, उन्हाळ्यात १४. सातव्या दिवशी पाइप गुंडाळून ठेवला तर वाचवलेला धूर तडे बुजवण्यात जाईल.

जिथे राडारोडा शोभतो

सर्वांत जास्त माल खपतो तो जोत्याच्या भरावात, आणि सर्वांत जास्त चुकाही तिथेच होतात. नाशिकच्या काळ्या मातीच्या भागात फुगणारी माती काढून तिथे काँक्रीट-विटांचा चुरा भरणं तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे. पण ट्रॉली थेट जोत्यात रिकामी करून वरून जेसीबी फिरवला, तर मोठ्या तुकड्यांखाली पोकळ्या राहतात, लाकूड कुजतं, पिशव्या दबतात. वर्ष-दोन वर्षांत फरशी बसते, टाइलवर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. भराव १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांनी करायचा. तुकडा मुठीएवढ्यापेक्षा मोठा नको, बारीक कच (दगडाचा चुरा) मिसळलेली हवी, प्रत्येक थराला पाणी आणि प्लेट कॉम्पॅक्टर, जागा अगदी लहान असेल तर हाताची धुम्मस. तीन फूट भरावाला पाच-सहा थर. घाई असेल तर भराव सोडा, मुरूम आणा.

गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्यात (गळती थांबवायला घालतात त्या विटांच्या तुकड्यांच्या थरात) जुने विटांचे तुकडे वापरता येतात, धुऊन, भिजवून, गिलावा झाडून. साडेचार इंच कोब्याचा भार चौरस मीटरला दोनशे किलोंच्या पुढे जातो. म्हणून जुना कोबा न काढता त्यावर दुसरा चढवू नये.

पेव्हर ब्लॉक, कर्ब स्टोन, पोकळ ब्लॉक ही या खडीची हक्काची जागा. ब्लॉकच्या खालच्या थरात ती जाते, झिजेचा वरचा थर ताज्या कचेचा ठेवतात. फ्लायॲश विटेत साधारण निम्मी राख, तीसएक टक्के कच आणि आठ-दहा टक्के सिमेंट असतं. कचेची जागा राडारोड्याचा धुतलेला चुरा घेऊ शकतो. या विटांबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे गिलाव्याला तडे. बहुतेक वेळा दोष कच्च्या विटेचा. दोन-तीन आठवडे पाणी न मारता चौथ्या दिवशी ट्रकवर चढलेली वीट भिंतीत गेल्यावर आकसते.

रस्त्यांच्या खालच्या थरांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची आयआरसी १२१ ही मार्गदर्शिका २०१७ पासून आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी तात्पुरते वाहनतळ आणि आतले रस्ते लागणारच. मेळा संपला की उखडायच्या असलेल्या थरासाठी ताजा डोंगर फोडणं पटणारं नाही. २०१६ च्या नियमांनी सरकारी आणि पालिकेच्या कामांत असं साहित्य १० ते २० टक्के घेण्याची तरतूद केली होती. निविदेत ओळ आली तरच ती उतरते.

त्रासही आहेत, ते झाकू नयेत

विटा, वाळू, टाइल यांच्या धुळीत सिलिका असते. ती कापडी रुमालाने अडत नाही. फोडणाऱ्या मजुराला एन ९५ मास्क आणि क्रशरला पाण्याचे फवारे हवेतच. फवाऱ्याचं पाणीही साधं नसतं. ताज्या फोडलेल्या काँक्रीटमधून सुटणाऱ्या चुन्यामुळे त्याचा सामू (पीएच) ११-१२ पर्यंत जातो. ते नासर्डीत सोडलं तर मासे मरतात. गाळ बसवायची टाकी करून तेच पाणी पुन्हा फवारणीला घ्यावं.

याच चुन्यामुळे पावसाच्या पाण्याच्या शोषखड्ड्यात काँक्रीटची खडी घालू नये. विरघळलेला चुना पुढे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा दगड होतो आणि पाइपची छिद्रं बुजतात. विहिरीजवळ आणि बोअरच्या रिचार्ज खड्ड्यातही नको. तिथे नदीचे गोटे किंवा ताजी खडी.

दिंडोरी-निफाडकडचे शेतकरी शेतरस्त्यासाठी राडारोडा आनंदाने घेतात, अनेकदा फुकट. रस्त्याला हरकत नाही, लोखंड-काच काढलेली असेल तर. बांधाच्या आत मात्र एक घमेलंही नको. आपल्या काळ्या जमिनीत चुना आधीच जास्त असतो. त्यात आणखी भर पडली की द्राक्षवेलीला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. तो चुना माती खरवडून काढता येत नाही.

आता पाडकामाचा करार. ‘पाडून, भंगार घेऊन, उचलून’ असा एकरकमी सौदा झाला की ठेकेदाराचा नफा भंगारात असतो आणि राडारोडा हा निव्वळ खर्च. तो खर्च जवळच्या नाल्यात कमी होतो. म्हणून करारात चार ढिगांची अट लिहा, माल कुठे जाणार ती जागा लिहा, आणि प्रत्येक खेपेची वजनकाट्याची पावती मिळाल्यावरच शेवटचा हप्ता द्या. हजार चौरस फुटांच्या घराच्या पावत्यांची बेरीज ४५ टनांच्या आसपास आली पाहिजे. वीसच टन भरली, तर उरलेला माल कुठे गेला ते नदीकाठी जाऊन बघा. एप्रिल २०२५ मध्ये काढलेले आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेले नवे केंद्रीय नियम २० हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर पुनर्वापराची थेट जबाबदारी टाकतात. छोट्या घरांना मात्र त्या वजनकाट्याच्या पावत्यांवरच भिस्त ठेवावी लागेल.